राळेची वाटी

दिवाळी उरकली, अंगणातली रांगोळी पुसट झाली की खामगावच्या हवेत कापूस उडायला लागतो. नुसता बघायला गेलं तर दिसत नाही. पण दोरीवरचे कपडे काढायला जावं तर काळ्या पोलक्यावर पांढरी पुटं बसलेली असतात, चहाच्या कपात एखादा तंतू तरंगत असतो आणि नाकात सारखं काहीतरी हुळहुळतं. सरकी काढायच्या जिनिंगच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. पूर्वी बैलबंड्या असायच्या, आता ट्रॅक्टर असतात, पण गाडीतून सांडलेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकतो तो अजून तसाच. उभी हयात मुंबईत काढून मी म्हातारपणी इथं परत का आले, असं लोक विचारतात. भाऊ जवळ आहे, हवा कोरडी आहे, गुडघ्यांना बरी, असं काहीबाही मी सांगते. खरं कारण हा मोसम आहे, पण तसं सांगितलं तर म्हणतील, बाईचं डोकं फिरलं.

आज सकाळी मुंबईहून माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. “बाई, राळ संपत आली.” दरवर्षी याच दिवसांत येतो असा फोन. मी म्हटलं, “अगं, दुकानात मिळते की चांगली परदेशी, डबीतली.” तर म्हणाली, “ती नको. आजीची हवी.” आजी म्हणजे माझी आई. या पोरीनं तिला कधी पाहिलेलंही नाही. मी फोन ठेवला आणि फळीवरची पितळी वाटी काढली.

आधी थोडं सांगायला हवं. मी डबल बेस वाजवायची, आता फक्त शिकवते. व्हायोलिनच्या घराण्यातलं हे सगळ्यात थोरलं वाद्य. माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं, आणि आवाज असा खालचा की आधी तो पायाला कळतो, मग कानाला. वाजवायचा तो गजानं. गज म्हणजे काठीला ताणून बांधलेले घोड्याच्या शेपटीचे केस. केस जात्याच गुळगुळीत, तारेवरून नुसते घसरतात. त्यांना राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, घासली की ते तारेला धरतात आणि मग तार बोलते. राळ नाही तर आवाज नाही, एवढं साधं गणित आहे.

ही सगळी विद्या विलायतेची, ती खामगावच्या माळ्याच्या पोरीला कुठं सापडली? तर पिंजारी शोधताना सापडली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. त्या वर्षी थंडी लवकर पडली. आईला दोन गाद्या नव्यानं भरून घ्यायच्या होत्या, आणि पिंजारी काही आमच्या मळ्याकडे फिरकेना. एका दुपारी ती म्हणाली, “जाय वो, पाय जरा कुठी बसला हाये तो. आवाज आला की बलावून आन.” पिंजाऱ्याला हाक मारावी लागत नसे. त्याच्या त्या लांबलचक कमानीची तांत तो लाकडी दस्त्यानं ठोकायचा, आणि धुंग, धुंग असा आवाज गल्लीभर जायचा. मी निघाले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला तो आवाज आला. धुंग. धुंग. थोडा जास्तच खोल होता, पण मला वाटलं, पिंजारी चाचानं नवी तांत चढवली असेल. उघड्या दारातून आत गेले, तर खोलीत कापूस नाही, गादी नाही, एक सडपातळ काळेसावळे गृहस्थ त्या भल्यामोठ्या पोटाच्या वाद्याशी उभे.

मी तरी काय करणार, सांगायला आले होते ते सांगून टाकलं. “आईनं बलावलं. दोन गाद्या हायेत पिंजाच्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाद्याकडे पाहिलं, आणि असे हसले की खोकला लागला. “गाद्या मी करत नाय, बाय,” ते म्हणाले. “हा बेस. ह्याच्यात कापूस घातला तर तो वाजणार नाय.” मग हसू आवरून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुझी उंची किती?”

माझं टाळकंच सरकलं. उंचीवरून मी तेव्हा उठता-बसता ऐकत होते. शाळेत मला उंट म्हणायचे, आणि मावशी तर आईसमोरच म्हणायची, हिच्यासाठी नवरा शिडीवर उभा करा. “तुम्हाले काय करा लागते माह्या उंचीशी?” मी फाडकन बोलले.

“रागवू नको. ह्याला उंच माणूस लागता,” ते म्हणाले. “ये. इथं उभी राहा. हात असा टाक.”

मी हात टाकला. त्या लाकडाचा खांदा माझ्या खांद्याशी आला. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू माझ्या मापाची निघाली होती. त्यांनी माझं बोट धरून जाड तारेवर ठेवलं आणि ओढलं. तो आवाज माझ्या बरगड्यांतून पोटात गेला, अजून तिथंच आहे.

ते मिंगेल सर. मूळचे गोव्याचे. जहाजावर वाजवलं, मुंबईच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवलं, आणि मग बोटांचे सांधे सुजले, आखडले. बहीण खामगावच्या दवाखान्यात नर्स होती, तिच्याकडे राहायला आले. बेस विकून टाक म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण ते त्याला गार्डाच्या डब्यात घालून, मोठ्या लाइनीवरच्या जलंबला गाडी बदलून, इथं घेऊन आले. एका बोटानं दुपारी जरा छेडायचे, तेवढंच. जे येत होतं ते आखडत चाललेल्या हातात अडकून पडलं होतं, आणि द्यायला समोर कोणी नव्हतं. खामगावात कापूस घेणारे शेकड्यानं, पण असलं काही घेणारं कोण?

मी घेतलं. त्याच आठवड्यापासून मी रोज जाऊ लागले.

काय शिकवलं म्हणाल, तर कितीतरी दिवस काहीच नाही. उभी राहा. खांदा सोड. मोकळी तार, एकच, लांब गज. खामगावची गाडी जलंबकडे निघताना शिटी द्यायची. शिटी सुरू झाली की गज सुरू करायचा आणि शिटी संपेपर्यंत तो संपू द्यायचा नाही. ड्रायव्हर कधी लहरीत असला तर शिटी लांबायची आणि माझा दंड भरून यायचा. सर म्हणायचे, “घाई तुझ्या मनगटात हाय. मनगटाला सांग, गाडी आपली नाय.” आज मी हेच वाक्य मुंबईच्या पोरांना सांगते, आणि त्यांना वाटतं बाईंनी कुठल्या जर्मन पुस्तकात वाचलं असेल.

पण दवाखान्याचे रोगी कुरकुर करायला लागले. तसा तो आवाज भिंतीतून जायचाच. मग बेस आमच्या मळ्यातल्या घरी आला, आणि शिकवायला सरही तिथंच येऊ लागले. बाबा बंडी घेऊन गेले. परतताना बाजारातून यावं लागलं, आणि वांगी-मेथीच्या बंडीवर हे प्रकरण आडवं पाहून बाजारानं करमणूक करून घेतली.

“काय भाऊ, एवढा मोठा भोपळा कोन्या वावरात धरला?”

“पोरीचं वाजवाचं हाये,” बाबा म्हणाले. “तिच्या मापाचं भेटलं एकदाचं.”

बाबांचा विरोध नव्हता, पण भरवसाही नव्हता. माळी माणूस, जे लावायचं ते उगवतं का आणि विकतं का, एवढं पाहणारा. बुलढाण्याच्या मास्तरणीच्या कोर्सात माझं नाव लागलं होतं. नवी ट्रंक आणून ठेवली होती. पोरगी मास्तरीण होणार म्हणून बाबा रस्त्यात थांबवून लोकांना सांगत होते. त्यात मी एका संध्याकाळी म्हणाले, मला मुंबईला जाऊन हे शिकायचं आहे. बाबांनी हातातल्या मिरच्या निवडून संपवल्या. मग म्हणाले, “यातलं मले समजत नाही, अन् तुले बी पुरतं समजत नाही. ज्याले समजते तो मानूस काय म्हनते ते पाहू. हो म्हनला तं मुंबई. नाही म्हनला तं बुलढाना, अन् मंग रडाचं नाही.”

मला वाटतं, इतका न्यायाचा माणूस मी पुढं कधी पाहिला नाही.

आईचं वेगळंच होतं. तिनं त्या बेसला घरात घेतलं. शब्दशः घेतलं. ओसरीवर ठेवला तर म्हणाली, बाहेर काऊन, पावना हाये काय तो? आतल्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी त्याला जागा झाली. सरांची कॅनव्हासची पिशवी फाटलेली होती. आईनं विचारलं, “याले थंडी वाजत असन का हो मास्तर?” सर म्हणाले, वाजता, लाकूड हाय, थंडीत तडकता. झालं. दुसऱ्या दिवशी पिंजारी शोधून आणला, आणि गाद्या राहिल्या बाजूला, आधी बेसची रजई भरली. जुन्या लुगड्याचं अस्तर, आत आमच्याच पऱ्हाटीचा कापूस, गळ्याशी बंद. पिंजारी चाचा माप घेताना हसत होता. “बाई, इसका पेट तो सेठजी से बी बडा है.” आई म्हणाली, मोठं तं मोठं, कापूस घाला.

सरांनी मुंबईला निरोप धाडला. त्यांच्या बरोबरीनं वाजवणारे आंतोन म्हणून होते, आता मुंबईतले सगळ्यात जाणते बेसवाले. ते नागपूरचा कार्यक्रम करून परतणार होते. खामगावात यायला वेळ नव्हता, पण जलंबला सकाळी उतरून दुपारची गाडी धरतो, तेवढ्यात ऐकवा, असं उत्तर आलं. म्हणजे माझी परीक्षा जलंबच्या फलाटावर होती.

आदल्या संध्याकाळी आईनं माझ्या डोक्याला तेल लावलं. परीक्षेच्या आधी आमच्याकडे लावायचेच. करडीचं तेल, कोमट करून, टाळूवर जिरेपर्यंत. केस कोरडे, तिच्या भाषेत कोल्ले, राहता कामा नयेत. “डोकं थंड राह्यते,” ती म्हणायची. मी गुडघ्यांत मान घालून बसले होते आणि मनातल्या मनात बोटं चालवत होते. त्या तेलाचा वास आला की आजही माझी बोटं आपोआप चालायला लागतात, आणि लगेच हसूही येतं.

सकाळच्या गाडीनं आम्ही सगळे निघालो. सर, आई, बाबा, मी, आणि गार्डाच्या डब्यात रजई पांघरलेला बेस. जलंबच्या फलाटावर कापसाच्या गाठी रचून ठेवल्या होत्या, मोसमच होता. आंतोन उतरले. जाडजूड, पांढऱ्या मिशा, हातात एक लांबट पेटी. मिंगेल सरांना त्यांनी मिठी मारली, मग त्यांचे आखडलेले हात हातात घेऊन बघितले. चहा मागवला. एका गाठीवर बसले. “बजाव,” म्हणाले.

मी रजईचे बंद सोडले. हमाल जमले, पेरूवाली टोपली घेऊन आली. मी गज हातात घेतला, तारेवर ठेवला आणि ओढला.

काहीच वाजलं नाही.

नुसतं हुस्स झालं. परत ओढला, परत हुस्स. बर्फावरून पाय घसरावा तसा गज तारेवरून निसटत होता. एक हमाल फिसकन हसला. सरांनी गज माझ्या हातातून घेतला, केसांवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांचंही सगळं या गजावर होतं.

“तेल,” ते म्हणाले.

“हाव, म्या लावलं,” आई मागून कौतुकानं म्हणाली. “किती कोल्ले पडले होते ते केसं! पोरीच्या डोक्याले लावलं, तं म्हटलं यालेबी लावू दोन बोटं. त्याचीबी परीक्षाच हाये ना.”

आईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. पदर तोंडाशी गेला. बाबा खाली बघत राहिले. माझ्या डोळ्यांसमोर नवी ट्रंक आली, बुलढाण्याची एस्टी आली. मी तिथल्या तिथं रडले असते, पण आंतोन म्हणाले, “बोटं आहेत ना? त्यांना तर तेल नाही लागलं?”

मग मी बोटांनी छेडलं. सरांनी बसवलेला संथ तुकडा बोटांनी वाजवायचा नव्हताच, पण दुसरं काय करणार? पहिले काही सूर भीतीनंच हात चालला, धुंग, धुंग, पिंजाऱ्यासारखा. मग हात सुटला. हमाल हसायचे थांबले. फलाटाच्या फरशीतून तो आवाज गाठींत जात होता आणि आंतोन गाठीवर हात पालथा ठेवून ऐकत होते, हे मला नंतर सरांनी सांगितलं. संपल्यावर त्यांनी आपली लांबट पेटी उघडली आणि स्वतःचा गज माझ्यापुढे धरला. “आता यानं.”

त्या गजानं मी वाजवलं. कसं वाजवलं हे मला खरंच आठवत नाही. शिटी नव्हती, तरी घाई झाली नाही, एवढं आठवतं.

आंतोननी गज परत घेतला, केस पुसले, पेटी बंद केली. मग माझ्याशी नाही, सरांशी नाही, आईशी बोलले.

“बाई, तुम्ही गजाला तेल का लावलं, ते मी ऐकलं. मुंबईत माझ्याकडे मुलं येतात. हात चांगले, कान चांगले, आणि वर्षभरात पळून जातात. घरात बेसला जागा नसते. आई म्हणते, हे धूड बाहेर काढ. मी आजवर बेसला रजई घातलेली बघितली नाही. हिचा हात कच्चा आहे. पहिली दोन वर्षं मी हिला रडवणार. पण ही पळणार नाही. हिचं घर हिच्या बाजूचं आहे. पाठवा हिला. माझ्या घरी राहील, माझ्या मुलींबरोबर.”

बाबांनी दोनच प्रश्न विचारले. “म्हनजे तुम्ही हो म्हनून राह्यले ना?” आणि, “पोरगी खाईन काय तिथं?” दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर ते नळावर गेले आणि उगाचच किती वेळ तोंड धूत राहिले.

आईची मान अजून खालीच होती. आंतोन म्हणाले, “आणि तेलाचं मनाला लावून घेऊ नका. तेल बरोबर होतं, जागा तेवढी चुकली. बेसच्या राळेत थोडं तेल घालावंच लागतं. नाहीतर थंडीत ती काचेसारखी होते, धरत नाही.”

आईनं झटकन मान वर केली. “कोनतं तेल? करडीचं?”

“एरंडेल. राळ वितळवायची, जरा मेण, आणि थेंब थेंब एरंडेल.”

“किती थेंब?”

मिंगेल सर हसायला लागले. लेकीचं आयुष्य नुकतंच या फलाटावर पालटलं होतं आणि ही बाई पाककृती विचारत होती. “थंडी बघून,” आंतोन म्हणाले. “नख रुतलं पाहिजे, पण बोट चिकटता कामा नये.”

पुढचं काय सांगायचं? मला रडवायचं आंतोननी ठरवलं होतं तसं त्यांनी रडवलं. सूर, सूर आणि सूर. बोटांना घट्टे पडले, पडले ते आजतागायत आहेत. मग वाद्यवृंदाची मागची रांग मिळाली आणि मी तिथंच सुखात राहिले. बेसवाल्याकडे कुणी बघत नाही. बघावं अशी माझी इच्छाही नव्हती. बाकीच्यांनी वर काय हवे ते मजले चढवावेत, जोतं आपल्याकडे आहे, हे ज्याला कळतं त्याला कळतं. मिंगेल सरांनी मला वाद्यवृंदात वाजवताना एकदाच ऐकलं, मुंबईला येऊन, पहिल्या रांगेत बसून. संपल्यावर आत आले आणि आपली आखडलेली बोटं माझ्या घट्ट्यांवरून फिरवली. “आता हात बरा झाला,” म्हणाले. कुणाचा, ते मी विचारलं नाही. आणि बाबांची ट्रंक फुकट गेली नाही. तीच घेऊन मी मुंबईला गेले, आणि पुढं मास्तरीणही झालेच की.

दर थंडीत खामगावहून कुणाच्या तरी हाती पार्सल यायचं. त्यात तिळाचे लाडू, आणि फडक्यात बांधलेल्या राळेच्या वड्या. आईनं किराणेवाल्याकडून राळ आणून, पितळी वाटीत वितळवून, पहिल्या वर्षी कितीतरी वाया घालवून ते जमवलं होतं. सुरुवातीच्या वड्या दगडासारख्या होत्या, नंतरच्या गुळासारख्या. मग जमली, आणि अशी जमली की आंतोन स्वतःची डबी बाजूला ठेवून माझ्याकडे हात पुढं करायचे, “आईची दे.” आई गेल्यावर तिच्याच वाटीत मी करायला लागले, आणि माझे सगळे विद्यार्थी त्याच राळेवर शिकले. कुठल्या कुठल्या देशांत बसून ती पोरं वाजवतात, आणि त्यांच्या गजावर माझ्या आईचं एरंडेल असतं. तिला यातला एक सूरही ओळखता आला नसता.

मी रागीट मास्तरीण आहे, विद्यार्थी सांगतील. पण एखाद्यानं जीव ओतून भलतंच काही केलं तर मी चिडत नाही. म्हणते, तेल बरोबर आहे, जागा चुकली, पुन्हा बघ. ही माणसं मला मिळाली म्हणून मी आहे, असं मला साफ वाटतं. हसणारे सर मिळाले, न्यायानं वागणारा बाप मिळाला, फलाटावर स्वतःचा गज पुढं करणारा परका माणूस मिळाला. आणि ती बाई, जिला घोड्याच्या केसांतही पोरीचंच डोकं दिसलं. एवढं कुणाला मिळतं?

तर आज सकाळी राळ वितळवली. कोपऱ्यावर पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं, हवेत कापूस होता, आणि थंडी बेताची म्हणून थेंब बेतानं टाकले. नख रुतलं, बोट चिकटलं नाही. आई हे करताना मी सुट्टीत घरी असले, तर बोटाला राहिलेलं तेल ती फडक्याला कधी पुसायची नाही. हाक मारायची, आणि माझ्या डोक्याला पुसायची. आज बोटाला तेल राहिलं आणि मी सवयीनं फडकं शोधायला लागले. मग थांबले. माझ्याच भांगातून बोट फिरवलं.

लय कोल्ले पडले होते केसं.